आम्ही धावतो, म्हणजे आमच्यापैकी एक

मराठीत माणूस सहसा कोणाकडे तरी धावतो, नाहीतर कोणापासून तरी पळतो. संकटात शेजारी धावून येतो, भक्त देवाचा धावा करतो, मूल पडले की आई धावते. पालखीच्या वाटेवर वेळापूरजवळ वारकरी धावतात, त्यालाही 'धावा'च म्हणतात. तुकोबांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी त्यामागची श्रद्धा. उलट दिशेला जायचे असेल तर 'पळणे' आहे : चोर पळतो, हरलेले सैन्य पळ काढते, परीक्षेला घाबरलेला मुलगा घरातून पळून जातो. या दोहोंच्या जोडणीतून झालेली 'धावपळ' तर सकाळी सहा ते नऊ या वेळात घरोघर चालू असते. कोणाकडे जायचे नाही, कोणापासून पळायचे नाही, निघालो त्याच दाराशी अर्ध्या तासाने परत यायचे, अशा धावण्यासाठी मात्र आपल्याकडे वेगळे क्रियापद नाही. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर आम्ही धावायला लागलो, तेव्हा 'कुठे निघालात?' या साध्या प्रश्नाला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते.

आम्ही दोघे रत्नागिरीत मराठी शिकवतो. दोघेही मराठीचे एम. ए., एकाच वर्गात शिकलेले. आज एकाचे वय ४६, दुसरीचे ४३. संसार उशिरा मांडला, मुले त्याहून उशिरा झाली. मुलगी आता सात वर्षांची आहे, मुलगा साडेतीन. धावण्याचे कारण अगदी गद्य होते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास दोघांच्याही तपासण्या झाल्या आणि एकाचा रक्तदाब, दुसरीची साखर, दोन्ही 'सीमारेषेवर' निघाले. 'सीमारेषा' हा शब्द आम्ही आजवर ललित आणि वैचारिक गद्याच्या संदर्भातच वापरत आलो होतो. त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही एक साधी बेरीज केली. मुलगा पदवीधर होईल तेव्हा आमच्यापैकी एक ६३ वर्षांचा असेल. तोवर नुसते हयात असणे पुरणार नाही. त्याच्या मागे गड चढता आला पाहिजे, निदान वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची ट्रंक नेता आली पाहिजे.

नवशिक्यांसाठी जगभर वापरली जाणारी एक योजना आहे, 'काउच टू फाइव्ह के' नावाची. जॉश क्लार्क या तरुणाने ती १९९६ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसाठी आखली. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण अर्धा तास. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे आणि मग वीस मिनिटे आलटूनपालटून ६० सेकंद धावायचे, ९० सेकंद चालायचे. पुढे धावण्याचे तुकडे लांबत जातात. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी सलग वीस मिनिटे येतात आणि नवव्या आठवड्याअखेर सलग अर्धा तास. हा संथपणा उगाच नाही. छाती आणि श्वास लवकर तयार होतात. घोटे, गुडघे आणि स्नायूबंध यांना त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि जोशात आलेला नवशिका नेमका तिथेच अडखळतो. वेग किती असावा याचीही सोपी खूण आहे : धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ही कसोटी आपल्याला अधिक चोख लागते. क्रियापदापर्यंत श्वास पुरला, तर वेग बरोबर.

या योजनेच्या मुळाशी एक आई आहे, हे आम्हांला आवडले. पण त्या आईचा मुलगा तिच्यासाठी योजना आखण्याइतका मोठा झालेला होता, हेही लक्षात घ्यायला हवे. आमच्या मुलांना अजून शर्टाची वरची गुंडी लावता येत नाही.

योजनेत तीन दिवस धावण्याचे आणि मधले दिवस विश्रांतीचे. एका घरात दोन नवशिके आणि दोन लहान मुले असतील तर हे गणित फारच सोयीचे पडते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे; मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. एक धावतो तेव्हा दुसऱ्याची विश्रांती. ही 'विश्रांती' पहाटे पावणेसहाला सुरू होते. दूध तापवायचे, मुलीचा डबा करायचा, तिच्या वेण्या घालायच्या, सव्वासातला येणाऱ्या शाळेच्या रिक्षासाठी तिला फाटकाशी उभे करायचे, आणि या सगळ्यात मुलगा जागा झाला तर त्याला कडेवर घेऊन उरलेले सगळे एका हाताने करायचे. पायांना विश्रांती मिळत असेलही.

म्हणजे 'आम्ही धावतो' हे वाक्य आम्ही गेले वर्षभर सगळ्यांना सांगत आहोत आणि ते एकाही सकाळी शब्दशः खरे नसते. धावत असतो तो आमच्यापैकी एक. दुसरा तेव्हा पोळी भाजत असतो. तरीही वाक्य खोटे नाही, कारण त्या पोळीवाचून ते धावणे झाले नसते. व्याकरणात कर्ता अनेकदा क्रियापदाच्या रूपावरून ओळखता येतो. घरात तो तसा ओळखता येत नाही.

आता गावाविषयी. रत्नागिरी धावण्यासाठी वसवलेले गाव नव्हे. जांभ्याच्या सड्यावरून खाडीकडे आणि समुद्राकडे उतरत गेलेले हे गाव. येथे कोणत्याही दोन ठिकाणांच्या मध्ये एक चढ असतोच. आमचे घर थिबा राजवाड्याच्या परिसरात आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला; तीस वर्षांची नजरकैद. त्याच्या राजवाड्यावरून जाणारा रस्ता त्यातल्या त्यात सपाट, म्हणून सुरुवात तिथे केली. घरापासून जास्तीत जास्त दीड किलोमीटर, म्हणजे हाक आली तर परत फिरता येईल एवढेच अंतर. राजाच्या नजरकैदेची मुदत अधिक होती, पण त्याला पहाटे घरी फोन करून 'उठला का रे तो?' असे विचारावे लागत नसावे.

खरे धावणे भाट्याच्या किनाऱ्यावर. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचे बन आणि समोर दीडेक किलोमीटरची वाळू. पार टोकाला झरी विनायकाचे देऊळ. सपाट, मोकळे, आणि ओल्या वाळूवर गुडघ्यांना बरे. पण वाळू ओली आणि घट्ट असते ती ओहोटीला. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत पट्टी, जिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततात. येथे कोकणातला जुना हिशेब कामी येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, म्हणजे पहाटे सहाला ओहोटी. समुद्र उधाणाचा असल्याने तो आत जातोही फार दूर. अष्टमीला पहाटे सहाला पाणी वर आलेले. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे पंधरवड्यातले चारपाच दिवस किनारा आमचा, बाकीचे दिवस राजवाड्याचा रस्ता.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात आम्ही आजवर एकादशी, सुट्ट्या आणि दुधाचा हिशेब एवढेच पाहत होतो. आता तिथी पाहून पुढच्या पंधरवड्याची आखणी होते, आणि तिच्यात मुलाच्या झोपेची भरती-ओहोटी मिळवावी लागते, जिला पाऊणपटीचा कोणताही नियम लागू नाही. दात येताना एक वेळापत्रक, सर्दीत दुसरे. पौर्णिमेची पहाट, वाळू कातळासारखी घट्ट, आणि मुलगा साडेपाचला टक्क जागा, असे तीनदा घडले. समुद्र आणि मूल या दोघांशीही वाद घालून काही निष्पन्न होत नाही. या दोन वेळापत्रकांच्या फटीत जी सकाळ सापडेल ती आपली.

नऊ आठवड्यांची योजना त्याला पंधरा आठवडे लागली आणि तिला सव्वीस. योजनेत आठवडा पुन्हा करण्याची मुभा आहे, त्यामुळे यात नियमभंग काही नाही. पण १५ आणि २६ यांतल्या फरकाचे काय? तो शरीरांचा फरक नव्हता. दोघांत दम तिचाच अधिक आहे. सलग वीस मिनिटांचा तो कुप्रसिद्ध दिवस तिने पहिल्याच प्रयत्नात पार केला, त्याला तीन प्रयत्न लागले. फरक कोठून आला ते कालनिर्णयाने दाखवले. धावून आल्यावर त्या दिवसाच्या चौकटीत ठिपका द्यायचा, त्याचा निळा, तिचा लाल, असे ठरले होते. सोळा आठवडे झाल्यावर आम्ही ठिपके मोजले. दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ४८ दिवस आले होते. निळे ठिपके ४१. लाल २७.

न पडलेल्या लाल ठिपक्यांचे दिवस आम्ही एकेक करून आठवत गेलो. मुलाला ताप, चार दिवस. मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन, तिची वेशभूषा. घरी पाहुणे. कामाला येणाऱ्या बाईंची रजा. आणि नऊ दिवस असे, की ती बूट घालून दाराशी पोहोचली, मुलगा जागा झाला, 'आई' म्हणून रडला, आणि ती परत फिरली. हेच ताप, हेच पाहुणे आणि हेच रडणे त्याच्या दिवशीही झाले होते. पण त्याच्या दिवशी आई घरात होती. त्यामुळे निळा ठिपका पडला. कोणी कोणाला अडवले नव्हते, कोणी तक्रार केली नव्हती. दिवस अगदी समान वाटलेले होते; सकाळी घरात जी हाक उठत होती, ती मात्र एकाच दिशेने जात होती.

आपल्या घरातले हे गणित किती सार्वत्रिक आहे ते सरकारी आकड्यांत दिसते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये स्त्रियांची १३७ मिनिटे, पुरुषांची ७५. पुरुष मोजले आहेत तेही जे मुळात हे काम करतात तेच. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम सुचवते आहे. अर्ध्या तासाच्या तीन सकाळी म्हणजे ९० मिनिटे. आठवड्यातली ही ९० मिनिटे २८९ मध्ये कोठे बसवायची, हे त्या संघटनेने सांगितलेले नाही. ते ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात ठरायचे.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. आजारपणाने कोणाचा दिवस गेला तर तो बुडत नाही. दुसऱ्याने आपली पुढची सकाळ त्याला द्यायची. डबा ज्याची 'विश्रांती' त्याचा, आणि त्यात रात्री भाजी ठरवणे, ती घरात आहे का पाहणे हेही आले. सकाळी उठून 'काय करू?' असे विचारायचे नाही. आणि तिसरी गोष्ट, जी लिहायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत अवघड : धावायला निघालेल्याने हाक ऐकून परत फिरायचे नाही, घरात आहे त्याने हाकेला जायचे. पहिल्या सहा सकाळी मुलगा आईसाठी रडला. सातव्या सकाळी त्याने बाबाकडे दूध मागितले, आणि ते कोमट नाही म्हणून परत केले. लाल ठिपके वाढू लागले. मे महिन्यात, पावसाच्या आधी, तिने सलग तीस मिनिटे पूर्ण केली.

रस्त्यावरचा अनुभवही दोघांचा एकसारखा नाही. तो धावताना दिसला की ओळखीचे लोक थांबवून विचारतात, "सर, साखर निघाली का?" म्हणजे या वयात पुरुष धावतो तो डॉक्टरांच्या आज्ञेने, असे गृहीत असते. तिच्या बाबतीत तर्क वेगळा. दुसऱ्याच आठवड्यात तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी मोटारसायकल थांबवून अदबीने म्हणाला, "मॅडम, एवढ्या घाईने कुठे? सोडू का?" मुलाचा हेतू स्वच्छ होता. बाई धावते आहे म्हणजे कुठेतरी उशीर झाला असणार, याखेरीज दुसरे कारण त्याला सुचले नाही. सुरुवातीला ती सलवार-कमीज आणि कमरेला बांधलेली ओढणी अशा वेशात जात असे. अंधार असेपर्यंत रस्ता आणि उजाडल्यावरच किनारा, हेही तिचेच बंधन, त्याचे नव्हे. मिरकरवाड्याकडून पाट्या घेऊन झपाझप येणाऱ्या मासळीवाल्या मात्र दोघांनाही सारख्याच दयेने पाहतात. त्यांचा चालण्याचा वेग आमच्या धावण्याहून अधिक आहे.

मांडवीच्या किनाऱ्यावर पहाटे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, हातात मोबाइलवरचे घड्याळ. दुसरे, निवृत्त झालेले फिरायला आलेले गृहस्थ, ज्यांचे घड्याळ गप्पांवर चालते. मधली वये तिथे अगदी तुरळक. पंचविशी ते साठी या वयाची माणसे त्या वेळी डबे भरत असतात. आपल्याकडची व्यायामाची सारी परंपराही अशीच आहे. आमच्याच गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८७५ मध्ये, सतराव्या वर्षी, परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी मजल मारली, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. दोन्ही गोष्टी शरीराच्या जिद्दीच्या आहेत, आम्ही त्या वर्गात रंगवून सांगतो. पण दोन्ही विद्यार्थिदशेतल्या आहेत. तालमीतला ब्रह्मचारी आहे, सकाळी फिरणारा वानप्रस्थ आहे. कडेवर मूल असलेल्या गृहस्थाश्रमासाठी व्यायामाची कोणतीच जुनी वाट पडलेली नाही. गृहिणीची तर नाहीच. तिचे काम हाच व्यायाम मानायची रीत होती, आणि तेच काम करूनही साखर सीमारेषेवर येते.

इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती' हा लेख आम्ही दोघांनीही अनेकदा शिकवला आहे. सभेत लेखिकेची ओळख थोरांची लेक, सून, पत्नी अशी करून दिली जाते आणि तिला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. रस्त्यातल्या शाळकरी मुलांपैकी एक जण तिला आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतो, तेव्हा ती ओळख पुरी होते. हा लेख शिकवताना वर्गातल्या मुली आता प्रश्न विचारतात : बाईंचे स्वतःचे संशोधन या यादीत का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि लेखातल्या मिस्कीलपणाकडे बोट दाखवून तो पूर्ण मिटत नाही. आमच्यातल्या 'ती'ला या लेखाविषयी आता एक जोड द्यावीशी वाटते. भाट्याच्या वाळूवर त्या अर्ध्या तासात ती कोणाचीही आई नसते, बाई नसते, मॅडम नसते. आणि परत येऊन दार उघडताच पुन्हा आई होते, तेव्हा ती अधिक बरी आई असते, निदान पहिला तासभर तरी. परिपूर्तीला अधूनमधून थोडी अपूर्तीही लागते. 'तो'चा अनुभव बरोबर उलट आहे. त्याला धावण्याने जे दिले त्याहून न धावण्याच्या सकाळींनी अधिक दिले. मुलीच्या केसांचा भांग डावीकडे पडतो, मुलगा दुधात साखर विरघळताना पाहिल्याशिवाय ते पीत नाही, हे त्याला 'विश्रांती'च्या दिवशी कळले.

धावणे आणि घरच्या माणसांची काळजी यांत नेहमीच अशी ओढाताण असते असेही नाही. लता करे यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. वयाची साठी गाठलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि जिंकली, कारण नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. त्यांच्यावर २०२० मध्ये आलेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांचे धावणे जुन्या अर्थाचे : कोणासाठी तरी धावून जाण्याचे. दुसऱ्या टोकाला फॅनी ब्लँकर्स-कोएन. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३० वर्षांच्या, दोन मुलांच्या या डच आईने चार सुवर्णपदके मिळवली, आणि वृत्तपत्रांनी तिचे नाव ठेवले 'उडती गृहिणी'. चार सुवर्णपदकांनंतरही नाव गृहिणीचेच. नवरा तिचा प्रशिक्षक होता. त्याला कोणी 'धावता गृहस्थ' म्हटले नाही.

पावसाळ्यात, अर्थात, सगळे थांबले. रत्नागिरीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला याचे स्पष्टीकरण नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून उघडीप मिळेल तेव्हा रस्ता, नाहीतर घराच्या पायऱ्या, वर-खाली वीस मिनिटे. शेवाळावर धावण्यात शौर्य नाही. एकाचा पाय मोडला तर दुसऱ्यावर तिघांची जबाबदारी पडते, हा विचार नवशिक्याला फार सावध करतो. सप्टेंबरात पुन्हा तिसऱ्या आठवड्यापासून आरंभ केला.

दोघे एकत्र धावलो ते वर्षात एकदाच. मे महिन्यात राजापूरहून आजी आठ दिवस राहायला आली. बूट बांधताना तिने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "आमचा अख्खा दिवस धावण्यात जायचा गो. पण कोणी कधी म्हटले नाही, जा, मी आहे घरात." टोमणा असेल अशी तयारी ठेवून आम्ही थांबलो; तो टोमणा नव्हता. "जावा," ती म्हणाली, "मी आहे घरात." पौर्णिमेची पहाट होती, पाणी खूप आत गेलेले. शेजारी शेजारी धावायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत कळले की आमचे वेग जुळत नाहीत. तो आधी पुढे गेला, मग ती पुढे गेली, झरी विनायकाशी पोहोचलो तेव्हा मध्ये शंभर पावलांचे अंतर होते. परतताना काही वेळ सोबत चाललो. बोललो ते डब्याविषयी.

आजीचे ते वाक्य आम्हांला या सगळ्याचा अर्थ वाटते. मराठीत आपण 'वेळ काढतो'. जणू वेळ आत कोठेतरी असतो आणि हात घातला की निघतो. व्यायाम न करणाऱ्याला सगळे सांगतात, वेळ काढायचा हो, मनावर घेतले की निघतो. लहान मुलांच्या घरात वेळ असा निघत नाही. तिथे तो कोणीतरी द्यावा लागतो, आणि देणारा नेमका त्याच वेळी उकळत्या दुधापाशी उभा असतो. आजीच्या पिढीत देणारे कोणी नव्हते. जिद्द त्यांच्यापाशी आमच्याहून कमी नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये रत्नागिरीत कोकण कोस्टल मॅरेथॉन झाली, आणि अशा शर्यतींत पदके धावणाऱ्यांना मिळतात, तेच योग्य. घरच्या कालनिर्णयात मात्र आम्ही आता एका चौकटीत दोन ठिपके देतो, एक धावलेल्याचा, एक थांबलेल्याचा.

राहिला रविवार. तो योजनेत कोणाचाच नव्हता. मुलीने त्यावर हक्क सांगितला तोही व्याकरणाच्याच आधाराने. "आम्ही धावायला जातो," असे आम्ही शेजाऱ्यांना सांगत असताना ती म्हणाली, "आम्ही म्हणजे मी नाही ना?" मराठीतला 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, 'आपण' त्याला आत घेतो, एम. ए.च्या वर्गात उदाहरणे देऊन जे समजवावे लागते, ते घरातल्या मुलाला अंगावर आल्यामुळे आपोआप कळते. तेव्हापासून रविवारी चौघेही भाट्याला जातो, भरती असो वा ओहोटी. मुले सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत जिवाच्या आकांताने धावतात, मिनिटभरात थांबतात, शिंपला उचलतात, तो दाखवायला परत येतात, दम खातात आणि पुन्हा सुटतात. ६० सेकंद धावणे, ९० सेकंद थांबणे. योजनेचा पहिला आठवडा त्यांना कोणी शिकवलेला नाही. आम्ही त्यांच्या मागोमाग जातो, आणि त्या दिवशी ठिपके द्यायचे विसरतो.